नाकवाले मिस्त्री

“पेट्रोलचा वास येतोय,” मिस्त्री म्हणाले.

कंपनीची इंजिनिअर बाई मांडीवरच्या लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, “काका, नवीन गाडी आहे. रंग, गोंद, रबर, सगळ्याचाच वास येतो. पेट्रोलचा दाब बघा ना, अगदी बरोबर आहे.”

“असेल हो दाब बरोबर. थेंब थेंब गळायला दाब कशाला पडायला हवा? मागचं झाकण काढून एकदा नुसतं बघू.”

“झाकण फक्त मी काढायचं, असा कंपनीचा नियम आहे. आणि मला तरी काढायचं कारण दिसत नाहीये.”

मिस्त्रींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, गाडीचे मालक. गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर दर रविवारी एका क्लबातली हौशी मंडळी आपापल्या गाड्या पळवायला जमत, त्यांतले हे सगळ्यात जुने. ते बुटाची नाडी बांधत होते. वर न बघताच म्हणाले, “मिस्त्री, त्यांचं काम त्यांना करू द्या. तुम्ही काच पुसा.”

मिस्त्रींनी काच पुसली.

अकरा वर्षं ह्या माणसानं डॉक्टरांची करडी गाडी सांभाळली होती. हात कुणाचाही चालतो, पण मिस्त्रींचं नाक चालायचं. बॉनेटवरून तळहात फिरवायचा, तो नाकाशी धरायचा आणि सांगायचं, “गिअरचं तेल बदलायला झालंय,” किंवा “पुढचा उजवा ब्रेक धरतोय.” उघडून बघावं तर तस्सं! गाडी ट्रॅकवर उतरायच्या आधी डॉक्टर विचारायचे, “काय म्हणतंय नाक?” आणि मिस्त्रींनी मान हलवल्याशिवाय किल्ली फिरवायचे नाहीत. अकरा वर्षांत करडी गाडी एकदाही दोरीनं ओढून आणावी लागली नाही. मिस्त्रींनी आयुष्यात दुसरं काही मिळवलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. पण ट्रॅकवर चार मोठी माणसं आपल्या होकारासाठी थांबतात, ह्यावर तो माणूस आठवडाभर ताठ मानेनं चालायचा.

मग डॉक्टरांना सुख बोचायला लागलं. एका रविवारी औषधांच्या दुकानवाल्या पोरगेल्या मेंबरानं त्यांना मागे टाकलं आणि वर म्हणाला, “डॉक्टर, तुमची गाडी म्हणजे शाळेतली मास्तरीण हो. वेळेवर येते, वेळेवर जाते. अंगावर काटा येत नाही कुणाच्या.” डॉक्टर सगळ्यांबरोबर हसले. पण ते लागलं त्यांना. दोन महिन्यांत करडी गाडी क्लबच्या सेक्रेटरींकडे गेली आणि डॉक्टरांच्या दारात एक नारिंगी धूड आलं. बनवणारी कंपनी कालपरवाची. आजवर त्यांच्या चाळीस गाड्या रस्त्यावर आल्या होत्या, त्यांतल्या किती धड होत्या हे कुणी सांगत नव्हतं. इंजिन सीटच्या मागे, ताकद करडीच्या दुप्पट. पाय जरा जड पडला की गाडी पिसाळल्यासारखी आडवी व्हायची आणि डॉक्टर पंचविशीतल्या पोरासारखे ओरडायचे.

“गेली बाई माझी सवत एकदाची,” मिस्त्रींची बायको म्हणाली होती. “आता माझ्याकडे बघाल तरी.” मग नवऱ्याचं तोंड बघून तिनं थट्टा आवरली आणि मुकाट्यानं ताट वाढलं.

दहाच्या सुमारास सगळे चहाला जमले. नारिंगी गाडी दोन फेऱ्या मारून येऊन उभी होती, तिला हात लावायला गर्दी झालेली. तेवढ्यात औषधवाला म्हणाला, “अरे, फडक्यांचा खेळ होऊन जाऊ दे! मॅडमना दाखवू आमचं नाक.”

हा खेळ क्लबात वर्षानुवर्षं चालत आला होता. मिस्त्रींच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि नाकाखाली एकेक फडकं धरायचं. ब्रेकचं तेल, इंजिनचं तेल, रॉकेल, थिनर. मिस्त्री आजवर एकदाही चुकले नव्हते. एकदा तर, “हे फडकं सेक्रेटरींच्या गाडीतलं आहे,” असंही सांगून मोकळे झाले होते. टाळ्या पडायच्या. मिस्त्री वरवर “सोडा हो, काय पोरखेळ,” म्हणायचे, पण रुमाल बांधायला मान आधीच पुढे झालेली असायची.

आजही झाली. नारिंगी गाडीच्या मागच्या बाजूला त्यांना स्टुलावर बसवलं.

“ब्रेकचं तेल.”

“बरोबर!”

“थिनर. हे गिअरचं, जुनं.”

“क्या बात है!”

चौथं फडकं आलं. मिस्त्रींनी श्वास ओढला आणि क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले, “पेट्रोल.”

असा हशा पिकला की लांबच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. मिस्त्रींनी रुमाल खाली ओढला. समोर डॉक्टर स्वतः उभे होते, हातात नवंकोरं, कोरडं फडकं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

“सकाळपासून पेट्रोल पेट्रोल चाललंय ह्यांचं,” डॉक्टर हसता हसता डोळे पुसत इंजिनिअर बाईला म्हणाले. “म्हटलं, बघूया तरी. मॅडम, तुमची गाडी निर्दोष सुटली. मिस्त्री, नाक गेलं हो तुमचं! आता चष्मा लावतात तसं काहीतरी लावा त्याला.”

“नाकाची कवळी बसवा डॉक्टर, तुमचाच धंदा आहे,” औषधवाला म्हणाला. पुन्हा हशा. इंजिनिअर बाईही हसली.

फडकं कोरडं होतं हे खरं. आणि पेट्रोलचा वास आला हेही खरं. मग तो आला कुठून, हे त्या गर्दीत फक्त मिस्त्रींना कळलं. त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर नारिंगी गाडीचं तापलेलं इंजिन होतं. सकाळी शंका होती, आता पुरावाच मिळाला. मिस्त्रींनी सांगायला तोंड उघडलं. समोर ते सगळे हसरे चेहरे होते, आणि त्यांत सगळ्यात जास्त दात डॉक्टरांचे दिसत होते.

मिस्त्रींनी तोंड मिटलं. हसा लेको, म्हणाले मनात. दोन फेऱ्यांत बंद पडेल वाटेत. मग याल नाक शोधत.

बंद पडेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळलं की गाडी नुसती बंद पडत नाही, हे मिशी फुटायच्या आधी शिकलेला माणूस हा.

“काय म्हणतंय नाक?” डॉक्टरांनी गाडीत बसताना सवयीनं विचारलं, आणि स्वतःच पुन्हा फिस्सकन हसले. स्टिअरिंग हाताला नीट कळावं म्हणून त्यांनी हातमोजे काढून ठेवले होते. मिस्त्रींनी मान हलवली.

चौथ्या फेरीला लांबच्या वळणावर आधी धूर दिसला, मग जाळ. लोक धावले. त्यांत सगळ्यांत पुढे, हातात पहार घेऊन, मिस्त्री होते, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, छाती फुटेस्तोवर धावला. दाराची कडी तापून अडकली होती आणि डॉक्टर ती आतून उघड्या हातांनी ओढत होते. मिस्त्रींनी पहार घालून दार उचकटलं. डॉक्टर जिवंत बाहेर आले.

तीन आठवड्यांनी मिस्त्री दवाखान्यात भेटायला गेले. डॉक्टरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. बोटं किती हलतील ते सांगता येत नाही, पण लोकांच्या तोंडात ती पुन्हा जाणार नाहीत, एवढं मोठ्या सर्जननी सांगून टाकलं होतं. डॉक्टरांच्या बायकोनं मिस्त्रींना बसायला खुर्ची दिली आणि डोळ्यांना पदर लावला. “तुम्ही होतात म्हणून हे दिसतायत,” ती म्हणाली. मिस्त्रींना ती खुर्ची टोचायला लागली.

ती पाणी आणायला बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, एक विचारायचंय. रोज तेच येतं डोक्यात. त्या कोऱ्या फडक्याच्या वेळी तुम्हाला वास खरंच आला होता का? गाडीचा?”

मिस्त्रींनी खुर्ची जरा मागे सरकवली.

“खरं सांगा. आला असेल तर मी हसून स्वतःचे हात घालवले. तसं असेल तर तसं सांगा, माझी तयारी आहे.”

तयारी! आला होता म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: मग बोलला का नाहीत? त्याचं उत्तर ह्या बांधलेल्या हातांसमोर कोण देणार?

“नाही आला, डॉक्टर,” मिस्त्री म्हणाले. “सकाळीही नव्हता आला; नवी गाडी थोडी गळतेच, म्हणून आपलं उगाच बोलून गेलो सवयीनं. नाक गेलंय माझं. बरेच दिवस झाले, तुम्हाला सांगितलं नव्हतं. पोटाचा प्रश्न.”

डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. “मग तुमचा दोष नाही, आणि माझाही नाही,” ते म्हणाले. “वय होतं मिस्त्री. चालायचंच.”

डॉक्टरांनी ते ज्याला त्याला सांगितलं. मिस्त्रींवर कुणी बोट ठेवू नये म्हणूनच सांगितलं, अगदी चांगल्या मनानं.

महिन्यानं मिस्त्री सेक्रेटरींकडे गेले. करडी गाडी अंगणात उभी होती. फाटकातून आत पाऊल टाकताच मिस्त्रींना कळलं, क्लच जळत आलाय, हा माणूस त्यावर पाय ठेवून गाडी चालवतो.

“तुमच्यासारखा माणूस मिळाला तर हवाच होता हो,” सेक्रेटरी चाचरत म्हणाले. “पण डॉक्टर म्हणाले की तुमचं हे… म्हणजे, राग मानू नका. मला वेगात चालवायची असते.”

“बरोबर आहे तुमचं,” मिस्त्री म्हणाले. करडीच्या बॉनेटवर ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला, आणि सवयीनं नाकाकडे चाललेला खिशात घातला.

बायकोलाही त्यांनी नाक गेल्याचंच सांगितलं होतं. नाहीतर, मग बोलला का नाहीत, हे ती विचारल्याशिवाय राहिली नसती.

आता ते दिवसभर घरीच असत. एका सकाळी बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर घेऊन बसले. गॅसवर दूध होतं. ते तापल्याचा वास आला, मग बुडाला लागल्याचा आला, मग करपल्याचा. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून ओरडल्या, “अहो, काय जळतंय वर?”

बायको धावत आली. “अहो, इथं बसलाय आणि…” म्हणता म्हणता थांबली. तिनं गॅस बंद केला. “जाऊ दे. तुम्हाला कुठून कळणार? माझंच चुकलं.” ती मोरीशी बसून काळं पडलेलं पातेलं खरवडायला लागली.

मिस्त्रींनी पेपराचं पान उलटलं.

“खूप करपलं का?” त्यांनी विचारलं.