नावं कापलेल्या चिठ्ठ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका घरात कपाटावर माझी जागा. पोटात सहा हजार चिठ्ठ्या आणि तोंडाला कुलूप. त्या कुलपाची मला किळस यायची.

त्या मंगळवारी सगळं रोजच्यासारखंच होतं. मैनुद्दीन सरांनी लुंगीवर चहा सांडला आणि लेकीची, नाजनीनची, बोलणी खाल्ली. मग म्हणाले, "बेटा, पेटीची किल्ली दे. करकंबची ओवी येणार आहे. हातमागावरच्या शब्दांवर काम करतेय पोरगी."

"किल्ली सापडत नाही, अब्बा."

"वा! माझा चष्मा हरवला की घर डोक्यावर घेतेस, आणि आता?" सर हसले. ओवी आली; किल्ली नाही असं नाजनीननं सांगताच दारातूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर उठलेच नाहीत.

सर शाळेत मराठी शिकवायचे. रविवारी एसटीनं अक्कलकोटकडे जायचे, उंबऱ्यावर बसून बायाबापड्यांचे शब्द टिपायचे. एका चिठ्ठीवर एक शब्द, आणि तळाला तो देणाऱ्याचं नाव. तिथली एक म्हातारी, मल्लव्वा, म्हणायची, "आमचं बोलणं लिवून काय करणार की सर? शाळंत पोरं हसत्यात त्याला."

"म्हणूनच लिहितो," सर म्हणायचे.

कुणीही अभ्यासक आला की सर मला उघडून द्यायचे. चिठ्ठी न्यायची, तिच्या जागी आपल्या नावाचा लाल कागद ठेवायचा, एवढाच नियम. "शब्द मल्लव्वाचे. कुलूप लावणारा मी कोण?" असं त्यांचं म्हणणं.

मग डॉ. महेश्वर आले. एका भाषाविषयक नियतकालिकाचे संपादक. चारशे चिठ्ठ्या घेऊन गेले आणि तीन वर्षं त्यांवर बसून राहिले. सरांच्या पत्रांना उत्तर नाही. दरम्यान त्यांच्याच अंकात त्यांच्याच नावानं मोठा लेख आला. दुसऱ्या कुणी शब्द मागितले, तर "ते साहित्य आता आमचं आहे, परवानगी लागेल," असं सांगायचे.

अखेर चिठ्ठ्या परत आल्या. तंबाखूच्या वासाच्या, चिकट, उष्ट्या ताटासारख्या. आणि प्रत्येकीची तळाची पट्टी कात्रीनं उडवलेली!

"आमच्या फाइलीत मावत नव्हत्या हो," महेश्वर सुपारी चघळत म्हणाले.

रेशनकार्ड सोडलं, तर मल्लव्वाचं नाव फक्त त्या पट्टीवरच लिहिलेलं होतं. सर आठवून आठवून नावं पुन्हा लिहू लागले. चाळीसेक आठवली, पुढे हात थांबला. नाजनीननं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. तिची चीड मला पटली होती. पण महेश्वरांचं पोट आधीच भरलं होतं. कुलूप आडवं आलं ते ओवीला.

सर गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, त्यांच्या चाळिसाव्याच्या फातिहाला, ओवी पुन्हा आली. तिच्या हातात एक वही होती. महेश्वरांचा छापील लेख घेऊन ती वर्षभर गावोगाव हिंडली होती. हा शब्द सरांना कुणी सांगितला, असं दारोदार विचारून तिनं दोनशे तीस नावं जमवली होती.

"त्या दिवशी हेच द्यायला आले होते, ताई. सरांच्या हातानं चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायचं होतं."

मित्रांनो, घेतलेलं परत करा, आणि तळाचं नाव कापू नका. पण एका हावऱ्यापायी सगळ्यांना दार लावू नका. आत कोंडलेला शब्दही कुजतोच.

नाजनीननं पर्स उघडली. माझं कुलूप काढलं, झाकण वर केलं आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत, ओवीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"अब्बा, किल्ली हरवली नव्हती. माझ्या पर्समध्येच होती."