पडद्यापलीकडचा फ्लॅश

त्या फोटोतला अंधार तुमचा आहे, साहेब. नरहरीचा नाही. तो अजून स्वतःलाच शिव्या घालतोय, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

नांद्याचा नरहरी वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. पिरंगुटपासून बावधनपर्यंत असं एक लॉन नाही, जिथं तो टेबलावर चढला नाही. पण भाचीच्या, सृष्टीच्या लग्नात त्यानं मामाचा मान धाकट्या भावाला देऊन टाकला आणि कॅमेरा हातात धरला. थोरल्या बहिणीनं, शुभांगीनं तसं सांगितलं होतं. कॅन्सर तिच्या हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी महिनाभर म्हटलं होतं, तेही अडखळत.

त्यांच्यात लेकीवर अक्षता पडताना आई बघत नाही. पडद्याआड बसून तुळशीला पाणी घालते.

"नऱ्या, रीत मी मोडायची न्हाई," शुभांगी म्हणाली. "पण हिकडं अंतरपाट खाली येतोय आन् तिकडं मी पाणी घालतीया, असा फोटो काढ. दोगी एकाच फोटोत. उद्या पोरगी बघंल, तवा मी तितं दिसली पायजे."

"अक्के, सांगतीस का हुकूम सोडतीस?"

"थोरली हाय मी. हुकूमच."

नरहरीनं जागा हेरली. पडद्याच्या टोकाला टेबल लावलं, की डावीकडं बोहलं आणि उजवीकडं तुळस, दोन्ही कॅमेऱ्यात येत होतं. पण तुळशीच्या कोपऱ्यात मिट्ट काळोख. मोठा दिवा लावावा, तर औषधांनी शुभांगीच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. क्षणभर लखलखून विझणारा फ्लॅशच हवा. तो त्यानं तुळशीमागच्या कापडी भिंतीआड, फोटोत दिसणार नाही असा उभा केला.

आता लांबचा फ्लॅश पेटवायचे दोन प्रकार. एक रेडिओचा. एक डबी कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. मध्ये कापड असो, माणूस असो, तो पेटणारच. दुसरा नजरेचा. फ्लॅशला काचेचा बारका डोळा असतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड त्याला दिसला, तरच तो पेटतो. मध्ये कुणी आलं, की संपलं. आणि आपल्या लग्नात मध्ये कुणी येत नाही, असं कधी झालंय? म्हणून नरहरीनं तो डोळा दहा वर्षांपूर्वीच सोडून दिला होता.

गोरज मुहूर्त होता, सहा पस्तीसचा. तुम्ही, लग्नाचे मोठे पाहुणे, अजून आला नव्हता. तुमची बंदोबस्ताची माणसं आली.

"हे काय?" त्यांतल्या एका सफारीवाल्यानं कॅमेऱ्यावरची डबी काढून हातात फिरवली.

"ट्रिगर हाय, साहेब. फ्लॅशचा. दावतो की." नरहरीनं डबी घेऊन बटण दाबलं. फ्लॅश लखकन पेटला आणि सफारीवाला दचकून दोन पावलं मागं सरला. करवल्या खिदळल्या. गंगूबाई आत्या तर म्हणाली, "आगं बया, आन् हा साहेबाला राखणार?"

तिथंच घात झाला.

"वायरलेस चालणार नाही. जमा करा."

"आवो, पण व्हिडिओवाल्याचा माइक वायरलेसच हाय की!"

"मला शिकवतो का? कार्यक्रम झाल्यावर घेऊन जा." दोन्ही डब्या त्याच्या खिशात गेल्या.

नरहरीनं हात जोडले. आतली बाई आजारी आहे, आई आहे, सगळं सांगितलं. सफारीवाला खिशाचं बटण लावून पुढं गेला. मग नरहरीनं कापडी भिंत ब्लेडनं वीतभर फाडली आणि फ्लॅशचा डोळा त्या फटीतून कॅमेऱ्याकडं वळवला. दोनदा तपासलं. दोन्ही वेळेस पेटला. पडद्याआडून शुभांगी ओरडली, "किती डोळं दिपवतुयास रं!"

मुहूर्त टळला, तरी सगळे तुमच्यासाठी थांबले; सात वाजता तुम्ही आलात. फटाके, तुतारी, मागं शंभर माणसं. गुरुजींनी घाईनं मंगलाष्टकं उरकायला घेतली. शेवटच्या अष्टकाला नरहरीनं पाहिलं, तर तोच सफारीवाला फटीला पाठ लावून उभा.

"ओ! बाजूला व्हा! ओ साहेब!"

वाजंत्र्यांत कोण ऐकतो? उतरून पळावं, तर अंतरपाट खाली येतोय. नरहरीनं बोट दाबलं. तुळशीमागचा फ्लॅश पेटला नाही.

स्क्रीनवर बघायचीही उसंत दिली नाही तुम्ही. "फोटोवाले, इकडं या, साहेबांसोबत घ्या." आधी वराकडचे, मग सरपंच, मग सरपंचाचा मेहुणा. पाऊण तास तुम्ही हसत होता. तोवर शुभांगीला धाप लागली. दाजींनी तिला उचलून गाडीत निजवलं. नरहरी पळत गेला, तेव्हा नाकात नळी होती.

"आला का रं?"

"झ्याक आलाय, अक्के."

"दाव की."

"मोठा करून आणतो. बारक्यात काय मजा?"

अकरा दिवसांनी ती गेली. रोज विचारायची, आणि रोज हा सांगायचा, आल्बमवाल्याकडं हाय. वीस वर्षांच्या धंद्यात तो असलं खोटं कधी गिऱ्हाइकाशी बोलला नव्हता.

कॉम्प्युटरवर त्यानं तो काळोख खूप उजळून पाहिला. आई निघाली नाही. नुसते राखाडी दाणे निघाले, आणि तांब्याच्या काठाची एक पिवळी रेघ.

तेराव्याला सृष्टीनं तो फोटो मागितला. नरहरीनं दिला. ती उजवी बाजू बोटानं पुसत राहिली, धूळ बसल्यासारखी. मग म्हणाली, "मामा, आई कुटंय ह्यात?"

डब्या त्याला परत मिळाल्या, चौकीतून, कॅरीबॅगमध्ये. कुठं नोंद नाही, कुणाची सही नाही. "असलं काही जमा करायचा आदेशच नव्हता," ठाणे अंमलदार म्हणाला.

मग का घेतल्या? धोका होता म्हणून, की चार पोरी हसल्या म्हणून? सृष्टी माहेरीच आहे, तिचे वडील आहेत, नरहरी आहे. सफारीवाल्याला पाठवू नका. तुम्ही या, त्या फोटोसमोर बसा आणि तिला सांगा.

सांगा, साहेब. का घेतल्या?