बिनलांबीचं दार

गिऱ्हाईक डोक्यावर येऊन उभं राहिलं की गाड्यांचा पत्रा जोडणाऱ्या हनुमंतचं काम बिघडतं, हे शिवऱ्याच्या हायवेवरच्या सगळ्या टपऱ्यांना ठाऊक आहे. एरवी तो तोंडावर सांगतो, समोर जाऊन च्या प्या, बोलावल्याबिगर हितं फिरकू नका. पण आज डोक्यावर उभे होते मानसिंगदाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे, स्वप्नालीचे मालक. आता बहिणीच्या नवऱ्याला 'सरका जरा' कोण म्हणणार? त्यात असल्या दाजींना, ज्यांनी दोन वर्षं बायकोला माहेरची पायरी चढू दिली नव्हती.

कारण ऐकाल तर हसाल. मागं एका भाऊबीजेला दोघं नवराबायको उत्रोलीहून एसटीनं नसरापूरला उतरली. हनुमंत गॅरेजात अडकलेला, म्हणून त्यानं शेजाऱ्याला टेम्पो घेऊन धाडलं. झालं, जावयाचा अपमान झाला. सख्खा मेव्हणा सामोरा आला नाही आणि वर कांद्याच्या गोण्यांशेजारी बसवून आणलं, एवढं त्यांच्या मनाला लागलं. त्याच रागात दाजींनी ही जुनी व्हॅन विकत घेतली, की पुन्हा कुणाच्या टेम्पोत बसायला नको. व्हॅन आली, पण त्या व्हॅनमधून स्वप्नाली काही माहेरी आली नाही.

गेल्या आठवड्यात मात्र दाजींचा आपणहून फोन आला. व्हॅनचं सरकतं दार खालून गंजून कुजलं होतं. कुणीतरी त्यावर नुसती लांबी, म्हणजे खाचा बुजवायची पुट्टी, थापून रंग मारून दिलेला, ती लांबी पहिल्याच खड्ड्यात गळून पडली. "तुमी करून देताय का बगा," दाजी म्हणाले, आणि ठेवता ठेवता बोलून गेले, "गाडी मनासारखी झाली तर भाऊबीजेला तिला घिऊनच येईन म्हणतो." हे हनुमंतच्या आईच्या, बनाबाईच्या कानावर गेलं मात्र, म्हातारीनं अनारशाचे तांदूळ भिजत घातले. लेकीला अनारसे आवडतात.

तेव्हा आजचं दार हे नुसतं दार नव्हतं. म्हणून तर हनुमंत सकाळपासून तोंड शिवून बसला होता.

त्यानं कुजलेला भाग कापला, नव्या पत्र्याचा तुकडा मापात बसवला आणि वेल्डिंगचे ठिपके देत गेला. एक ठिपका इकडं, दुसरा पार तिकडं, म्हणजे पत्रा एका जागी तापून वाकडा होत नाही. इथवर काम देखणं झालं होतं. मग त्यानं ग्राइंडर हातात घेतला आणि दाजींनी अट घातली.

"हणमंतराव, लांबीचं बोट लावायचं न्हाई. पत्र्याला पत्रा असा मिळवा, की हात फिरवला तर जोड कुठं हाय ते कळू नये."

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडीचा पत्रा तो केवढा जाड, वहीच्या पुठ्ठ्याएवढा. वेल्डिंगचा उंचवटा घासायचा, पण पार सपाट करायचा नाही, केसभर ठेवायचा. त्या केसभर उंचीवर लांबीचा पातळ हात मारायचा, की झाकून जातं. जगभर असंच करतात. पार सपाट करायला गेलं तर जोडाबरोबर शेजारचा पत्राही घासला जातो आणि कागद होतो. हे सगळं हनुमंतला पाठ होतं, आणि तरी तो काय म्हणाला? "व्हय दाजी." दुसरं कुणी असतं तर त्याला फाट्यापर्यंत हाकललं असतं.

ग्राइंडर टेकवायचा, उचलायचा, ओल्या फडक्यानं पत्रा गार करायचा, पुन्हा टेकवायचा. दर खेपेला दाजी वाकायचे, तर्जनी जोडावरून सावकाश फिरवायचे आणि थांबायचे.

"हितं लागतंय."

हनुमंत तिथं घासायचा. पुन्हा बोट.

"आता हितं लागतंय बगा."

लागतंय म्हणजे काय लागतंय? हनुमंतनं स्वतःचा तळवा फिरवला, फडकं मधे धरून फिरवला, काही लागेना. दाजींच्या बोटाला मात्र लागायचं. दुपार झाली, ऊन पत्र्यावरून डोळ्यांत येऊ लागलं, हनुमंतच्या मनगटाला कळ लागली. पत्रा एके ठिकाणी निळसर पडला. अंगठ्यानं दाबलं तर टक्कन आत जाऊ लागला, म्हणजे तापून ढिला झाला होता. आता थांबायला हवं, असं त्याचा हात त्याला ओरडून सांगत होता.

"आमच्या घरात समदं कसं चोख लागतं," दाजी म्हणाले. "तुमच्या भैनीला शिकवायला आमाला लई तरास पडला."

हनुमंतनं हाही घोट गिळला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण डोळ्यांसमोर आईचे भिजलेले तांदूळ येत होते.

दाजी पाणी प्यायला टपरीवर गेले, तेवढ्यात फोन वाजला. स्वप्नाली होती.

"दादा, चिडल्यात का ते?"

पहिलं वाक्य हे. कसा आहेस नाही, आई कशी आहे नाही.

"न्हाई. हितं लागतंय, तितं लागतंय, एवढंच चाललंय."

ती हलकेच हसली. "ते तसंच म्हणत्यात. म्या भांडी घासली, की ताटावरनं बोट फिरवत्यात. वट्यावरनं, फरशीवरनं, माझ्या पोळीवरनंसुदिक. तू फकस्त व्हय म्हण आन परत घास. उलटं बोलू नगंस, दादा. मंग मला यायला मिळंल."

"तू असंच करतीस?"

"मंग काय करू?" ती म्हणाली. "आले वाटतं ते, ठिव." दाजी तर इथं टपरीवर उभे होते. कोण आलं होतं तिच्या घरी? कुणीच नाही. तिला नुसता भास झाला होता, आणि हनुमंत बंद झालेला फोन हातात धरून उभा राहिला.

दाजी मिशी पुसत आले, वाकले, बोट फिरवलं. "हितं थोडं."

आणि ऐका, एवढं ऐकूनही हनुमंतनं ग्राइंडर सुरू केला. सवय म्हणा, धाक म्हणा. त्यानं चाक टेकवलं, ठिणग्या उडाल्या, आवाज एकदम बदलला. त्यानं चाक उचललं, तर जोडाच्या कडेला बोटभर लांब भोक. पलीकडची सीट त्यातून दिसत होती.

दाजींनी भोकाकडं पाहिलं. "घरचं काम ते असलंच," ते म्हणाले. "आता हिला भाऊबीजेला कशी काय आणायची?"

हनुमंतनं ग्राइंडरची पिन उपसली आणि चष्मा काढला.

"दाजी, चूक माझी हाय. सकाळीच सांगायला पायजे हुतं, की ह्या पत्र्याला एवढं घासणं सोसत न्हाई. माजी जीभ उचलली न्हाई. तुमी म्हणला आन म्या घासत बसलो."

"मंग गाडी कवा मिळायची?"

"दिवाळी झाल्यावर. नवा तुकडा टाकीन आन त्यावर लांबी लावीन. बोट फिरवायचं आसंल तर तुमच्या घरी जाऊन फिरवा. आता तुमाला मोटरसायकलवर उत्रोलीला सोडतो. येताना माज्या मागं स्वप्नाली बसंल."

दाजींचा चेहरा ताठला. "म्या न्हाई म्हणलं तर?"

"तर तुमच्या दारात बसून ऱ्हाईन. गाव बगंल, पाव्हणं-रावळं बगत्याल. दोन वर्सं म्या तुमचा मान सांभाळला, आता सांभाळत न्हाई."

दाजींनी तोंड हायवेकडं फिरवलं. मान एवढा प्यारा असलेल्या माणसाला गावासमोरचा तमाशा परवडणारा नव्हता. हनुमंतनं त्यांच्यासमोरच फोन लावला.

"स्वप्ने, पिशवी भर. घ्यायला येतोय."

आता ती विचारणार, ते हो म्हणाले का, असं हनुमंतला वाटलं. त्याचं उत्तर त्यानं तयारही ठेवलं होतं. पण तिनं ते विचारलंच नाही.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "किती दिसांचे कपडे घिऊ?"

दाजी हायवेकडं तोंड करून उभे होते. त्यांना ऐकू जातंय हे माहीत असून हनुमंत मोठ्यानं बोलला.

"आसतील तेवढे घे."