शिवकन्येला दिलेला शब्द

शिरूर अनंतपाळपासून ऑटोनं अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात अण्णारावांचं घर आहे. त्यांची मुलगी शिवकन्या सासरहून कायमची परत आली, त्याला बरीच वर्षं झाली. तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि त्यानंतर तिचं रडणं थांबेना. सासरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलंय. त्यांनी तिला कडब्याच्या खोलीत कोंडलं, कुठल्याशा बाबाला बोलावलं आणि दार लावून आत मिरच्यांची धुरी दिली. असं कितीतरी वेळा झालं. अण्णारावांच्या कानावर आलं तेव्हा ते जीप करून गेले आणि मुलीला घेऊन आले.

पण आलेली मुलगी त्यांच्या ओळखीची राहिली नव्हती. दार लागलं की ती किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, जरा नजर चुकली की पळत सुटायची. एकदा ती हमरस्त्यावर ट्रकला आडवी गेली. त्या दिवसापासून तिचा भाऊ बजरंग शेतात जाताना तिला ओसरीच्या खांबाला बांधून जाऊ लागला. बजरंग वाईट नव्हता. दोरी बांधण्याआधी तो बहिणीच्या मनगटाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायचा.

गावातल्या आशा कार्यकर्तीनं ही गोष्ट मनतशाला सांगितली. मनतशा मूळची नांदेडची, तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. मानसिक आरोग्याच्या कामात समुपदेशक म्हणून लागल्यापासून ती लातूरला खोली करून राहत होती आणि दर गुरुवारी शिरूरच्या दवाखान्यात येत होती. एका गुरुवारी दवाखाना आटपून ती अण्णारावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. घरच्यांनी खुर्ची आणली. ती बसली नाही. खांबाजवळ बसलेल्या शिवकन्येला तिनं विचारलं, मी इथं बसू का? शिवकन्या खांबाकडं वळली. मग ती उभ्या उभ्याच म्हणाली की पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन, आणि गेली. शिवकन्येची आई गयाबाई नवऱ्याला म्हणाल्या, ही कसली डाक्टरीण, हिनं तर काही विचारलंसुद्धा नाही.

मनतशा येत राहिली. आदल्या वर्षी तिचं एक प्रशिक्षण झालं होतं. आयुष्यात भयंकर काही सोसलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे त्यात शिकवलं होतं. त्याला तेच तेच सांगायला लावू नका, अंगाला हात लावण्याआधी विचारा, पाठीमागून जाऊ नका, त्याच्या हातात काहीतरी निवड ठेवा. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मनतशाला ते पटलं होतं. कडब्याच्या खोलीचं सगळं तिला गयाबाईकडून कळलं; शिवकन्येला तिनं त्याबद्दल कधीच विचारलं नाही. ती अंगणात उभी राहायची, दवाखान्यातलं, बसमधलं काहीबाही सांगायची आणि निघून जायची. थंडी संपत आली तेव्हा एका गुरुवारी शिवकन्येनं शेजारचं पोतं हातानं जरा सरकवलं आणि जागा केली. मनतशा बसली. बजरंग दारातून बघत होता. त्यानंतर दोरीबद्दल बजरंगशी बोलायला तिला वाव मिळाला. कोणीतरी शेजारी बसत असेल तर बांधायचं नाही, एवढं बजरंगनं कबूल केलं. त्यासाठी गयाबाईंनी शेतात जाणं सोडलं.

शिवकन्या हळूहळू बोलू लागली. आधी एकेक शब्द, मग भांडण. भाकरी करपली म्हणून ती आईला बोलली, त्या दिवशी गयाबाई चुलीपुढं बसून हसल्या आणि रडल्या. पण झोप येत नव्हती आणि रात्र रात्र ती अंगणात फिरायची. शिरूरला येणारे डॉक्टर म्हणाले की औषधांचा डोस बसवायचा तर काही आठवडे दवाखान्यात ठेवावं लागेल. लातूरला जागा नव्हती, नांदेडच्या एका मोठ्या रुग्णालयात मिळत होती. मनतशानं शिवकन्येला सगळं सांगितलं. वॉर्ड कसा असतो, खाटा कशा असतात, आई सोबत राहील, नको म्हणालीस तर नेणार नाही.

शिवकन्येनं मनगट चोळलं. मग विचारलं, "ततं बांधत्यात का?"

हातात नसलेल्या गोष्टीचा शब्द द्यायचा नाही, हेही प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण समोरची बाई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागत होती.

"न्हाई बांधणार," मनतशा म्हणाली. "मी हाय की."

नांदेडला पहिले दिवस बरे गेले. मनतशानं रजा टाकली आणि आईवडिलांकडं राहिली. तिची आई हाजराबी रोज डबा करून द्यायची, त्यात शिवकन्येसाठी वेगळी अंबाडीची भाजी. मनतशा प्रत्येक पाळीच्या सिस्टरला आणि वॉर्डातल्या मावश्यांना भेटून सांगत होती की हिच्या बाजूचं दार उघडं राहू द्या, मागून धरू नका, काहीही झालं तरी बांधू नका. एक शिकाऊ डॉक्टर शिवकन्येला सुरुवातीपासून सगळं सांग म्हणाला, तेव्हा मनतशानं त्याला बाजूला नेऊन थांबवलं. तो ओशाळला, माफी मागून गेला. शिवकन्येला झोप लागू लागली होती. खिडकीशी उभी राहून ती खालचे ऑटो बघायची.

अशात लातूरहून मनतशाच्या साहेबांचा फोन आला. याच विषयावर मोठी कार्यशाळा ठेवली होती, बाहेरगावचे लोक येणार होते, आणि शिवकन्येची केस मनतशानंच मांडायची होती. तिनं टाळून पाहिलं. साहेब म्हणाले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मनतशानं शिवकन्येला विचारलं, एक दिवस गेले तर चालेल का?

"जावा," शिवकन्या म्हणाली. "आई हाय."

लातूरच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये मनतशा चांगली बोलली. नाव बदलून तिनं पोत्याची गोष्ट सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. शेवटी टाळ्या वाजल्या. फोन तिनं पर्समध्ये आवाज बंद करून ठेवला होता. जेवणाच्या वेळी काढला तर गयाबाईंचे कॉल येऊन पडलेले.

झालं होतं ते असं. एक दुसरी पेशंट जिन्याकडं पळाली. ती निसटू नये म्हणून मावशीनं घाईघाईनं वॉर्डाचं जाळीचं दार ओढून कुलूप घातलं, आतलं लाकडी दारही लावलं. गयाबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दार लागल्याचा आवाज झाला आणि शिवकन्या उठली. तिनं दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. रक्त आलं. मावश्यांनी आणि गार्डनं तिला मागून धरलं, खाटेवर पाडलं, बँडेजच्या पट्ट्यांनी हातपाय खाटेला बांधले आणि इंजेक्शन दिलं.

मनतशा मिळेल त्या एसटीनं निघाली. नांदेडला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवकन्या अजून बांधलेलीच होती. कपाळाला टाके, डोळे अर्धे उघडे. गयाबाई पायाशी बसल्या होत्या, त्यांना पट्ट्या सोडायची परवानगी नव्हती. मनतशानं कुणाला न विचारता गाठी सोडल्या. सोडताना ती बोलत राहिली, आता डावा हात सोडतेय, आता उजवा. पट्ट्या निघाल्या तरी शिवकन्येनं हात खाली घेतले नाहीत. खाटेच्या गजाला टेकवून तसेच ठेवले.

पाळीवरची सिस्टर लुंबिनी मनतशाजवळ आली. तिचाही चेहरा उतरला होता.

"तुम्ही सांगितलेलं मला माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली. "बांधा असं मीच म्हणाले. वॉर्ड भरलेला, सिस्टर मी एकटी. बांधलं नसतं तर तिनं डोकं फोडून घेतलं असतं. अशा वेळी काय करायचं, ते तुमच्या कार्यशाळेत सांगतात का? सांगत असतील तर मला सांगा, मला खरंच पाहिजे."

भांडावं असं कुणी समोर असतं तर मनतशाला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांना भेटली. त्यांनी शांतपणे ऐकलं, वाईट झालं म्हणाले, मागितलेली पदं भरली जात नाहीत म्हणाले. तेही खरं होतं.

बजरंग आला आणि बहिणीला घेऊन जातो म्हणाला. तो ओरडला नाही. "मी बांधत व्हतो तवा तुम्ही मला लई समजावलं," एवढंच म्हणाला. "मी ऐकलं तुमचं." मनतशा माफी मागायला शिवकन्येच्या समोर बसली, चूक माझी होती म्हणाली. शिवकन्या भिंतीकडं पाहत राहिली.

साहेबांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. ते हळहळले, आणि मग म्हणाले की परभणीलाही हीच केस मांडायची आहे, शेवटचा भाग घेतला नाही तरी चालेल. मनतशानं जायला नकार दिला. दुसरं कोणीतरी गेलं.

गुरुवार चालू राहिले. नांदेडहून घरी आलेल्या शिवकन्येच्या गोळ्या आता वाढल्या होत्या. ती जिथं बसवलं तिथं बसायची, ताट ठेवलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. कुठं पळून जायची भीती उरली नव्हती. गयाबाई पुन्हा शेतात जाऊ लागल्या. गावात लोक म्हणायचे, पोरगी सुधारली. मनतशा अंगणात उभी राहून विचारायची, बसू का? शिवकन्येचे डोळे तिच्यावरून फिरून पुढं जायचे. कधी मनतशा बसायची, कधी नाही. शिवकन्येला दोन्ही सारखंच होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की त्रास बराच आटोक्यात आहे. मनतशानं गोळ्या कमी करायचा विषय काढला, तर अण्णारावांनी हात जोडले. आता जसं आहे तसं राहू द्या, म्हणाले.

एकदा शेवटची ऑटो चुकली म्हणून बजरंगनं तिला मोटारसायकलवर शिरूरच्या स्टँडवर सोडलं. उतरल्यावरही तो गाडी बंद करून थांबला. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का, असं त्यानं विचारलं. ते डॉक्टर सांगतील, असं मनतशा म्हणाली.

"त्रास कायबी न्हाई आता," बजरंग म्हणाला. "पर भांडत तरी व्हती मॅडम. भाकरीवरून, मिठावरून. आता घरात हाय का न्हाई, तेबी कळंना झालंय."

मनतशानं मान हलवली. लातूरची गाडी लागली. पुढच्या गुरुवारी येते, असं ती म्हणाली. या, असं बजरंग म्हणाला, आणि गाडीला किक मारून गावाकडं वळला.