वडिलांच्या मापाची टोपी

दातांच्या डॉक्टरांना टोप्यांचं वेड होतं, आणि ते साधंसुधं वेड नव्हतं. जुन्या काळच्या पुरुषी टोप्या, फेल्टच्या म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, रुंद काठाच्या, अरुंद काठाच्या, करड्या, तपकिरी, एक तर चक्क हिरवी, अशा एकूण एकोणसाठ. कपाटात कपडे सोडून बाकी सगळं होतं. बायको म्हणायची, मला माझा एक स्वेटर ठेवायचा असेल तर आता लेखी अर्ज करावा लागेल. बरं, नुसत्या जमवून ठेवणाऱ्यांतले डॉक्टर नव्हेत. दवाखान्यात जाताना रोज एक नवी टोपी चढवायचे. लोक वळून बघायचे आणि डॉक्टर आपलं लक्षच नाही असं दाखवायचे. लक्ष कसं नसेल? सगळं लक्ष तिकडेच!

टोपीला ब्रश मारणं, रिबीन बदलणं त्यांना घरी जमायचं. खरी डागडुजी मात्र जिन्याखालच्या छोट्या दुकानातल्या टोपीवाल्या बाई करायच्या. डॉक्टर तिथे स्टुलावर बसून तासन्‌तास बाईंचे हात बघायचे. बघून बघून त्यांना वाटायला लागलं की हे आपल्यालाही येतं. इथेच तर घोडं पेंड खातं.

डॉक्टरांचे एक जुने मित्र होते, वकील. वकिलांचे वडील जमीनमोजणीच्या कामावर होते. जन्मभर उन्हातान्हात हिंडले ते एका तपकिरी टोपीत. ते गेल्यापासून टोपी खोक्यात पडून होती. येत्या रविवारी वडिलांच्या जन्माला शंभर वर्षं होणार म्हणून सगळे नातेवाईक जमायचे होते, आणि वकिलांच्या मनात ती टोपी फोटोशेजारी ठेवायची होती. माथ्याला खळगा पडला होता. डॉक्टर म्हणाले, दे माझ्याकडे. वकील आपली छत्रीसुद्धा कुणाला न देणारा माणूस, पण टोपी दिली. वर बजावलं की फक्त ब्रश मार, बाकी काही करू नकोस.

पण डॉक्टरांचे हात शिवशिवत होते. मंगळवारी सकाळी त्यांनी किटली चढवली आणि टोपी वाफेवर धरली. तेवढ्यात दाढ दुखणाऱ्या एका पेशंटचा फोन आला. खांद्यात फोन धरून डॉक्टर त्याला धीर देत राहिले, आणि बाईंनी शंभरदा सांगितलेली गोष्ट साफ विसरले: वाफ देण्याआधी आतली चामड्याची पट्टी उलटून बाहेर काढायची. जुन्या चामड्याला वाफ लागली की ते आक्रसतं. तसंच झालं. पट्टी आक्रसली, तिनं फेल्टलाही आत ओढलं, काठ वेडावाकडा झाला. पट्टीवर सोनेरी अक्षरांत वकिलांच्या वडिलांचं नाव होतं, त्याचा नुसता पिवळा डाग उरला.

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. अहो, चौतीस वर्षांची मैत्री! आणि त्यात आणखी एक मोह. त्यांच्या संग्रहातली एक्केचाळीस नंबरची टोपी होती, त्याच कारखान्याची, त्याच रंगाची, जवळजवळ त्याच वयाची. ती खोक्यात घालून दिली असती तर वकिलांना कळलंही नसतं. पट्टीवर नाव घालून देणारेही डॉक्टरांच्या ओळखीचे होते.

तरी आधी ते बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, टोपी उलटी केली, आत बोट फिरवलं.

"चामडं काढलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाई कामाला लागल्या. पट्टीचा एकेक टाका त्यांनी असा उसवला की फेल्टला ओरखडाही नाही. मग फेल्टला वाफ, मग लाकडी ठोकळ्यावर ओढणं, मग माथ्याभोवती दोरी बांधून ती खाली सरकवणं. जोर मनगटातून नाही, सगळ्या अंगातून यायचा, आणि तरी बोटं इतकी हलकी की झोपलेलं मूल जागं झालं नसतं. डॉक्टरांनी आयुष्यात कसबी हात पुष्कळ पाहिले होते, मोठमोठ्या सर्जनचे पाहिले होते. या हातांपुढे ते सगळे शिकाऊ, असं त्यांना मनापासून वाटलं. मेलेलं फेल्ट तासाभरात पुन्हा मऊ झालं.

मग बाई थांबल्या. माप कुणाचं, म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, अर्थात वडिलांचं, होतं तेवढंच. बाईंनी नकारार्थी मान हलवली. एकदा आक्रसलेलं फेल्ट पुन्हा तेवढं ताणलं तर विरळ होईल आणि माथ्याशी फाटेल. आता घालणार कोण आहे? डॉक्टरांनी सांगितलं की घालणार कुणीच नाही, फोटोजवळ ठेवायची आहे.

बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. "फोटोसाठी मी टोपी करत नाही. डोक्यासाठी करते. ज्याची आहे त्याचं डोकं घेऊन या."

डॉक्टर म्हणाले, त्याचं डोकं मला पाठ आहे, अंदाजानं सांगतो. बाई म्हणाल्या, अंदाजानंच तर इथवर आलात.

घरी येऊन त्यांनी एक्केचाळीस नंबर बाहेर काढली. बराच वेळ हातात धरून उभे राहिले. आपलं पाप एक बाई टाका टाका उसवून निस्तरतेय, आणि आपण इथे चोरासारखे कपाट उघडून उभे! त्यांची त्यांनाच लाज वाटली. टोपी परत ठेवली आणि तडक वकिलांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून टाकलं.

वकिलांनी उलटतपासणी घेतली. किती वेळ वाफ दिली, कुणी सांगितलं होतं, फोन कुणाचा होता. शेवटी उठले, कोट चढवला आणि चल म्हणाले.

दुकानात वकील स्टुलावर आरोपीसारखे बसले. बाईंनी कानांच्या वरून फीत फिरवली, कपाळापाशी, मागे, सगळीकडे बोटानं चाचपून बघितलं. फीत डोक्याभोवती असतानाच वकील बोलायला लागले.

"मी ती तीनदा घालून पाहिली होती. बाबा गेले तेव्हा पहिल्यांदा. तिन्ही वेळा भुवयांवर आली. वाटलं, आपलं डोकंच पुरत नाही."

डॉक्टरांना हे चौतीस वर्षांत माहीत नव्हतं.

बाईंनी माप कागदावर लिहिलं. "डोकं चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "टोपी मोठी होती."

शनिवारी टोपी तयार झाली. नवी पट्टी जुन्याच भोकांतून शिवलेली, काठ सरळ, आणि उन्हानं उडालेला रंग बाईंनी तसाच ठेवलेला. वकिलांनी ती घातली. ती बसली, बरोब्बर बसली. आरशासमोरून ते हलेनात. मग मागे न वळता म्हणाले की नाव गेलं त्याबद्दल मी तुला इतक्यात माफ करणार नाही. डॉक्टर म्हणाले, नको करूस. बाईंनी खोकं पुढे केलं, ते वकिलांनी घेतलंच नाही.

रविवारी वडिलांचा फोटो टेबलावर एकटाच होता. टोपी वकिलांच्या डोक्यावर होती, दिवसभर, घरात, जेवतानासुद्धा. चुलतभावांनी थट्टा केली, बहिणीनं काढ म्हणून सांगितलं, पण वकील कुणालाच बधले नाहीत. डॉक्टर आपले तोंड लपवून दाराशी उभे होते. नव्वदीच्या आत्यानं वकिलांना जवळ बोलावलं, काठावरून हात फिरवला आणि विचारलं, दादाची टोपी तुला कशी रे झाली?

वकिलांनी हात लांब करून डॉक्टरांना पुढे ओढलं.

"यानं बिघडवली, आत्या," ते म्हणाले. "म्हणून मला झाली."