विहारातल्या बारा ट्यूबा

बोरी अरबच्या बुद्धविहारातल्या ट्यूबलाइटच्या बाराही पट्ट्या दीपाने सकाळपासून एकटीने उघडल्या. जुन्या ट्यूबांचा चोक काढला, स्टार्टर काढला आणि वीज थेट डाव्या टोकाला जोडली. दानात आलेल्या या नव्या एलईडी ट्यूबा एकाच टोकाने वीज घेतात, दुसऱ्या टोकाच्या पिना नुसत्या टेकायला. आयटीआयनंतरचं तिचं हे पहिलंच काम. समितीचे इंद्रजितकाका बजावून गेले होते, "सायंकाळी वंदनेले उजेड नाई पडला, तं उद्या दारव्ह्याचा वायरमन आणतो." दुपारी बाराच्या बारा पेटल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती जेवायला घरी गेली.

आता दान द्यायचं आणि नाव टाकायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला जमलंय? प्रत्येक ट्यूबवर पेंटरने लाल अक्षरांत नाव रंगवलेलं. विजेचं टोक कोणतं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. पाच नावं उलटी लागली होती. दीपाने ती पाहिली आणि सोडून दिली.

सात वाजता विहार गच्च भरला. बटण दाबलं. सात पेटल्या, पाच ठार बंद.

"मी पाहूनच गेलती, काका."

काका वायरमनला लावायला खिशातला फोन काढू लागले. दीपाने वर पाहिलं. अंधाऱ्या ट्यूबवर 'कालकथित देवराव यांच्या स्मरणार्थ' अगदी सुलट वाचता येत होतं. दुपारी ते उलटं होतं. तिला हसूच फुटलं.

"ट्यूबा कोनं फिरवल्या?"

देवरावांची बायको कौसल्याआजी पदर सावरत म्हणाली, "मीनंच सांगतलं. लोकायनं का मान वाकडी करून वाचाव? जुन्या ट्यूबा तं कशाबी पेटत."

"आन शिडीवर कोन चढलं?"

इंद्रजितकाकांनी फोन हळूच खिशात ठेवला. पाचांतलं एक नाव त्यांच्या वडिलांचं होतं.

दीपाने मेन बंद केला. "आजी, आज उजेड पायजे तं नाव उलटंच राहीन. उद्या वायर दुसऱ्या टोकाले घेऊन सुलटं करून देते."

"कायले? बुढा जन्मभर उलटाच वागला. जितेपनी नाई पाडला, आता तरी पाडू दे उजेड."

सगळा विहार खदखदून हसला. मोबाइलच्या उजेडात पाचही ट्यूबा फिरल्या, मेन चालू झाला आणि बाराच्या बारा लख्ख पेटल्या. खाली माणसं माना वाकड्या करून नावं वाचू लागली. दीपाला इतका आनंद झाला की शिडीवरून उतरायचंच सुचेना.

शिडी धरून उभे असलेले इंद्रजितकाका वर न पाहता म्हणाले, "समाजमंदिरात वीस पट्ट्या हायेत. उद्या येशीन का?"

"येते. पन तुमी शिडीले हात लावाचा नाई."

"बरं," काका म्हणाले. ती वरच होती, म्हणून त्यांनी शिडी तेवढी सोडली नाही.