दर वेळची पेशंट

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. शिक्षण शाळेपुरतंच, पण प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी भिंतीवर तिचा फोटो आणि प्रमाणपत्र लावलेलं होतं, आणि त्याची मुदत तिनं कधी टळू दिली नव्हती. उजळणीचा वर्ग लागला की ही सगळ्यांत आधी हजर. शिकवणाऱ्या बाईंनी "पेशंट कोण होणार?" असं विचारायचा अवकाश, ही सतरंजीवर आडवी.

गुडघे दुखायचे, हे खरं. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे आणि इथं भरपगारी आडवं व्हायला मिळायचं; कोण सोडतंय! शिवाय कण्हण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. असा सूर लावायची की शिकवणाऱ्या बाईसुद्धा हसत सुटायच्या. भाजल्याचा धडा आला की बाकीच्या जणी घाईघाईनं म्हणायच्या, "इथं नळ आहे असं समजा, अंगठी काढली असं समजा," आणि तिच्या हाताला पट्टी गुंडाळायला घ्यायच्या. नळ कधी कोणी उघडलाच नाही. प्रमाणपत्र मात्र दर वेळी नवं कोरं.

मग एका दुपारी इस्त्रीच्या प्रेसचा पाइप सुटला आणि वाफ थेट तिच्या धाकट्या जावेच्या उजव्या हातावर आली. दोघी एकाच टेबलाशी काम करायच्या. धाकटीसारखी कॉलर अख्ख्या कारखान्यात कोणाला बसवता यायची नाही.

"ताई!" एवढंच ती ओरडली.

थोरली धावली. पेटी उघडली आणि पट्टी बांधली; सुबक, घट्ट, वळशावर वळसा. अंगठी आतच राहिली. नळ तिच्या पाठीमागेच होता. धाकटी रडत रडत म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं, ताई."

दवाखान्यात अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "हात पाण्याखाली किती वेळ धरला होता?" थोरलीनं नकारार्थी मान हलवली. "लगेच धरला असता तर इतकं खोल गेलं नसतं हो," ते म्हणाले.

जखम भरली, पण बोटं काही पुरती मिटेनात. धाकटीच्या लेकीची वेणी आता थोरली काकूच घालून देते. धाकटी एका शब्दानं बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर थोरलीला घास तरी गिळता आला असता.

पुढच्या उजळणीला "पेशंट कोण?" म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हिच्याकडे वळल्या. ही उभीच राहिली.

"मी होते पेशंट," धाकटी म्हणाली. "माझा हात तयारच आहे."

बायका हसाव्यात म्हणून ती बोलली. कोणी हसलं नाही.

"नळ आहे असं समजा..." कोणीतरी सवयीनं सुरुवात केली.

"काही समजायचं नाही," थोरली म्हणाली. जावेचं मनगट धरून ती तिला नळापाशी घेऊन गेली. आधी अंगठी काढायला बोटं गेली. तिथं नुसता वण होता. तिनं नळ सोडला आणि तो आखडलेला हात धारेखाली धरला. बाई म्हणाल्या, "समजलं, पुढं चला." ती हलली नाही.

"पुरे ना, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "गार पडला हात."

"आता पडला," थोरली म्हणाली, आणि तिनं हात धारेखाली तसाच धरून ठेवला.